एकशे चाळीस म्हणजे किती?

मला आकडा लागतो. गोल्फ खेळताना खिशात रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, असतोच, फ्लॅगवर धरायचा, बटण दाबायचं, १४० यार्ड दिसले की सात नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, नंबर जितका लहान तितका बॉल लांब आणि खालून जातो) काढायचं, विषय संपला. स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर खेळायला मिळण्यासाठीच्या बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नाव लागलं तेव्हाही माझी तयारी हीच, वर नवीन बॅटरी पण टाकून ठेवलेली.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलो तर पँट शिडासारखी फडफडतेय, डोळ्यातून पाणी, आणि टोपी आता गेली की मग गेली. कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा माणूस, साठीच्या पुढचा. त्याने माझ्या हातातल्या यंत्राकडे एकदा बघितलं, बोलला काहीच नाही, वाकून चिमूटभर गवत उपटलं आणि सोडलं. ते खाली पडलंच नाही, आडवं माझ्या कानावरून गेलं.

ओल्ड कोर्स हा लिंक्स कोर्स. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची उंचसखल पट्टी. पिकं घ्यायला बिनकामाची, म्हणून मेंढ्या चरायच्या आणि लोक बॉल मारत बसायचे. झाड नावाला नाही, त्यामुळे समुद्रावरून निघालेला वारा थेट तुमच्या अंगावर येतो. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, आणि असं सांगतात की असे बंकर मुळात मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा म्हणून उकरलेले खड्डे. खरंखोटं माहीत नाही, पण त्या दिवशी एका बंकरमध्ये उतरलो तर एकदम शांत, कान सुन्न होणं थांबलं, आणि खरं सांगतो, वर यायची इच्छाच होईना. मेंढ्या शहाण्या!

तर दुसऱ्या होलला तिसऱ्या शॉटसाठी यंत्र म्हणालं १४०. वारा समोरून. म्हटलं सात नंबरच घेऊ पण जरा जोर लावून मारू. बॉल सुरेख निघाला, वर गेला, अजून वर गेला, मग हवेत थांबल्यासारखा झाला आणि पेच कापलेल्या पतंगासारखा माझ्याच दिशेने खाली यायला लागला. चुकलं काय तर जोर. जितकं जोरात मारावं तितका बॅकस्पिन, म्हणजे बॉलची उलटी फिरकी, जास्त, बॅकस्पिनमुळे बॉल वर उचलला जातो, आणि समोरच्या वाऱ्यात तर हे आणखीच वाढतं. कॅडी म्हणाला, "पाच नंबर घ्या. आणि निम्म्या ताकदीने." बॉल मागच्या पायाकडे घ्यायचा, हात पुढे, आणि मारून झाल्यावर क्लब खांद्यावर न नेता कमरेशीच थांबवायचा. ऐकायला सोपं आहे हो, पण वारा अंगावर येत असताना हळू मारणं म्हणजे भांडणात आवाज खाली ठेवण्यासारखं, कळतं सगळं पण वळत नाही. मला जमायला सहावं होल उजाडलं. तेव्हा बॉल कमरेच्या उंचीने सुटला, तीस-चाळीस यार्ड अलीकडेच टेकला आणि कडक जमिनीवरून सरपटत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चढला. दिसायला अगदीच गरीब शॉट, पण कॅडी पहिल्यांदा हसला.

अकरावं होल मात्र वेगळंच प्रकरण. पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, छोटं, पण ग्रीन ईडन नदीच्या मुखाजवळ एकदम उघड्यावर आणि चांगलंच उतरतं. १९२१च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन स्पर्धा) अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्स इथेच वैतागून खेळ सोडून बसला होता, पुढे १९२७ला त्याच कोर्सवर ओपन जिंकला ते वेगळं. आणि २०१५च्या ओपनला शनिवारी इतका वारा होता की ग्रीनवर ठेवलेले बॉल आपोआप हलायला लागले, दहा तासांहून जास्त वेळ खेळ बंद, स्पर्धा थेट सोमवारी संपली. मी हे सगळं वाचून गेलो होतो म्हणून पाय फाकवून, गुडघे वाकवून, कबड्डीतल्यासारखा उभा राहिलो, पटरने, म्हणजे बॉल जमिनीवरूनच होलकडे ढकलायच्या क्लबने, मारायला. आणि बॉल हलला. अगदी डोळ्यांदेखत, आधी नुसता थरथरला, मग दीड फूट घरंगळत गेला.

"मार्क केलेला का?" माझ्या पार्टनरने लगेच विचारलं, म्हणजे जागेवर खूण ठेवून बॉल उचलला होता का. २०१९पासून नियम असा की ग्रीनवर एकदा उचलून परत ठेवलेला बॉल वाऱ्याने हलला तर जागेवर आणायचा, पण उचललाच नसेल तर जिथे गेला तिथून खेळायचं. मी उचलला नव्हता, आळस. नशीब बघा, दीड फूट होलच्याच बाजूला गेलेला. पार्टनर पुढची दोन होलं माझ्याशी बोलला नाही.

परतीला वारा पाठीशी. यंत्र पुन्हा एकदा १४० म्हणालं आणि कॅडीने हातात वेज दिला, सगळ्यात कमी अंतराचा क्लब! सकाळी पाच नंबर, आता वेज, आकडा तोच. तरी हिशेब काही फिटत नाही, कारण समोरचा वारा जेवढं अंतर खातो तेवढं पाठचा वारा परत देत नाही, उलट बॉल ग्रीनवर थांबता थांबत नाही. तेराव्यानंतर मी रेंजफाइंडर बॅगेत टाकून दिला.

अठराव्याला शेवटी राहवलं नाही, सवयीने कॅडीला विचारलंच, "किती आहे?"

त्याने गवताची चिमूट सोडली, ती कुठे जाते ते बघितलं आणि म्हणाला, "आत्ता, की तुम्ही माराल तेव्हा?"

मी पटर मागितला.