हळदीची गॅरंटी नाही

सोफ्यावर ताट घेऊन बसू नये, हे आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झालंय की आता ते कोणी ऐकतही नाही आणि पाळतही नाही. परवा रविवारी मॅच ऐन रंगात आली होती. एक जण धावबाद झाला, मी अर्धवट उठलो आणि ताटातली वाटी कलंडली. आमटी सांडली ती फार तर दोन चमचे. पण सोफा फिकट बदामी, आणि आईचा हात हळदीच्या बाबतीत कधी आखडत नाही.

आई आत ओटा आवरत होती. मी हळूच गादी उलटली.

उलट्या बाजूला चहाचा डाग होता. चांगला मुरलेला, कपाच्या बुडाएवढा, मध्ये फिका आणि कडेला गडद. चहाचा थेंब असाच वाळतो. कडेचं पाणी आधी उडतं, मधलं तिकडे धावतं आणि जाताना रंगही घेऊन जातं. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर जरा वर धरला.

म्हणजे ही युक्ती घरात आधीच वापरून झाली होती. गादीला तिसरी बाजू नसते.

मग मी जे करायला नको तेच केलं. फडका ओला केला, कपडे धुवायच्या साबणाच्या वडीवर फिरवला आणि डागावर घासला. पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. अगदी कुंकवासारखा. आणि यात अलंकारिक काही नाही, कारण हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. हळदीतलं कुरकुमिन लिंबात पिवळं राहतं, चुन्यात किंवा साबणात लाल होतं. शाळेत हळदीचा कागद करून त्यावर मी साबणाचं पाणी टाकलं होतं आणि प्रयोगाच्या वहीत बाईंचं 'छान' मिळवलं होतं. तोच प्रयोग सोफ्यावर त्याहून छान जमला, तेव्हा मात्र घाम फुटला.

गेल्या दिवाळीच्या आधी सोफा साफ करायला एक जण आला होता, त्याला गुपचूप फोन लावला. मोठा तरबेज माणूस. सीटवर पैसे घेतो, फेस मारतो, ब्रश फिरवतो आणि मग मशीननं ते पाणी ओढून घेतो. शेवटी टाकीतलं काळंकुट्ट पाणी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवतो. ते पाहून आपण इतकी वर्षं कशावर बसत होतो याची लाज वाटते आणि पैसे मुकाट्यानं दिले जातात. जाताना त्यानं बजावलं होतं, "काही सांडलं तर घासू नका काका, टिपा. बाहेरून आत टिपत या." मी आतून बाहेर घासलं होतं.

"कसला डाग?" त्यानं विचारलं.

"हळदीचा. साबण लावलाय."

पलीकडे जरा वेळ शांतता. "हळदीची गॅरंटी नाही देत आपण."

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. तिनं लाल डाग पाहिला, पालथी बाजू पाहिली, आम्हा दोघांकडे पाहिलं. "क्रोशाची कव्हरं काढायची घाई कोणाला झाली होती?"

मलाच. आईनं हातानं विणलेली ती कव्हरं मला फार जुनाट वाटायची. खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या तसल्या रुमालांना इंग्रजीत अँटीमकॅसर म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले पुरुष केसांना मकॅसर तेल चोपडायचे आणि खुर्च्यांच्या पाठी तेलकट करून ठेवायचे, म्हणून ते आले. आमच्याकडे मकॅसर नव्हतं, पण खोबरेल होतं. आईला हे सगळं सांगायची ती वेळ नव्हती.

डागांच्या बाबतीत आईचं शास्त्र पक्कं आहे. रक्ताला गार पाणी, गरम लावलंत तर डाग बसलाच. तेल सांडलं की आधी टाल्कम पावडर, ती तेल पिते, मग झटकायची. फणसाच्या चिकाला खोबरेल. केळीच्या चिकाला मात्र काही नाही. कोकणात आजी केळीचा घड उतरवायच्या दिवशी एक ठरावीक जुनं लुगडं नेसायची. मूळचा रंग कोणता हे सांगता येणार नाही इतकं ते तपकिरी झालं होतं. डाग जात नसेल तर त्याच्यासाठी एक वस्त्र वेगळं काढावं, हा उपाय मला तरी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. सतरंजीवर गडद पट्टे विणणाऱ्यालाही हे कळत असावं. बदामी सोफा विकणाऱ्याला कळत नाही, किंवा फार चांगलं कळतं.

आणि हळदीला? "ऊन दाखव."

कव्हर काढून धुवायची सोय नव्हती. एकदा धुतलेलं कव्हर आकसून फोमवर परत चढताना दोघांची दमछाक झाली होती. गादी भिजवायचीही नाही, फोम आत ओला राहिला की आठवडाभर कुबट वास. ओल्या फडक्यानं साबण टिपून टिपून काढला तसा लाल रंग पुन्हा पिवळ्यावर आला. मग गादी बाल्कनीत. आमच्याकडे ऊन अकराला येतं आणि दोनला समोरच्या इमारतीमागे जातं. तेवढ्या वेळात ते फरशीवरून सरकतं, त्याच्यामागे मी गादी सरकवत होतो. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. चौथ्या दुपारी डाग शोधावा लागला, पाचव्या दुपारी शोधूनही सापडला नाही.

गादी जागेवर ठेवली तेव्हा नवी भानगड लक्षात आली. ती उन्हानं एक छटा फिकी झाली होती. आई म्हणाली, "बाकीच्या दोन्हीही टाक उन्हात, सारख्या होतील." कडेची एक मी लगेच उचलली. दुसरी बाबांच्या जागेची.

"ही राहू दे," बाबा तिच्यावर बसत म्हणाले. "हिला काही झालेलं नाही."