नुसत्या बोलत बसता ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो: "तुमच्या त्या गटात नक्की करता काय? नुसत्या बोलत बसता ना?" यात कुत्सितपणा असतोच असं नाही. घरात मार खाणाऱ्या, पैशापैशासाठी हात पसरायला लावलेल्या बाईला पोलीस, वकील, डॉक्टर, डोक्यावर छप्पर लागतं. तिथे गोल मांडलेल्या दहा खुर्च्यांचा काय उपयोग, असा साधा हिशेब असतो. पहिली काही वर्षं मी यावर ओशाळून हसायचे. आता म्हणते, हो, बोलत बसतो.

आमच्याकडे एक बाई यायची. पहिल्या दिवशी दाराजवळची खुर्ची धरली आणि फोन मांडीवर उताणा ठेवला. दर थोड्या वेळाने तो थरथरायचा की ही उठायची, भिंतीचा फोटो काढायची, पाठवायची आणि परत येऊन बसायची. घरी सांगितलं होतं, संगणकाचा वर्ग लावलाय. आमच्या खोलीच्या दारावर गटाचं नाव मुद्दामच नाही, त्यामुळे तेवढं खपून गेलं. दोन आठवडे ती एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या खुर्चीतली बाई सहज म्हणाली, "माझ्याकडे घड्याळाचा फोटो मागायचे. काटे दिसले पाहिजेत." हिने मान वर केली. "तुमच्याकडेही?"

एवढंच बोलली. पण तोवर ती त्याला काळजी समजत होती. नवरा हळवा आहे, जीव लावतो, म्हणून सारखी चौकशी करतो, असं तिला घरच्यांनीही पटवून दिलेलं. हे दुसऱ्या घरातही घडतं, अगदी तसंच घडतं, हे तिला कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. पुढच्या आठवड्यात कुणीतरी कोपऱ्यात एक फळा आणून ठेवला. त्यावर संगणकाचा धडा लिहिला, वर तारीख घातली. फोटोत मागे काहीतरी दिसायला हवं ना!

बोलण्याला कमी लेखणाऱ्यांना मी १९७१ सालची गोष्ट सांगते. लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी एक जागा सुरू केली, ती बायकांनी चार घटका एकत्र यावं, बोलावं म्हणून. मार खाल्लेल्या बायका तिथे येऊ लागल्या, घरी जाईनात, आणि गप्पांच्या त्या जागेचं आसरागृह झालं. जगभर चर्चा झालेल्या पहिल्या काही आसऱ्यांपैकी ते एक. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डुलुथ शहरात अशाच गटांमधल्या बायकांनी आपापल्या घरी काय चालतं ते सांगितलं आणि त्यातून छळाच्या तऱ्हा दाखवणारं एक चक्र कागदावर काढलं गेलं. मारहाण त्याच्या कडेला आहे. आत आठ आरे: धाकदपटशा, एकटं पाडणं, पैशाची नाकेबंदी, मुलांना हत्यार करणं, 'तुलाच वेड लागलंय' म्हणणं, असे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ साली अशी सततची जरब हाच वेगळा गुन्हा ठरला, अंगावर वळ नसला तरी. बायकांनी तोंड उघडलं नसतं तर कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचणार कुठून?

पण बोलण्याने नुकसानही होतं, आणि ते मी स्वतः केलंय. त्याच बाईला एकदा मी म्हटलं, "आजच्या आज नीघ. मी येते गाडी घेऊन." मला फार बरं वाटलं तेव्हा, काहीतरी केल्यासारखं. ती मान डोलावून गेली आणि नंतर आठ महिने फिरकली नाही. तिला हुकूम सोडणारं एक माणूस घरात होतंच. मी दुसरी निघाले. शिवाय सोडून जाण्याचा काळ हाच सगळ्यांत धोक्याचा असतो, हे मला ऐकून माहीत होतं, पण उत्साहात विसरले. पकड सुटतेय हे कळलं की तो माणूस चवताळतो. म्हणूनच तिच्या फोनमध्ये त्याने घातलेलं पाळतीचं ॲप घाईने काढून टाकणाऱ्या हितचिंतकांची मला भीती वाटते. त्याला पाच मिनिटांत कळतं, आणि त्याची किंमत हितचिंतक मोजत नाहीत. बोलायचं तर दुसऱ्याच्या फोनवरून बोलावं, कागदपत्रांच्या प्रती आणि दोन कपडे विश्वासाच्या घरी ठेवावेत, निघायचा दिवस तिने ठरवावा. कशाने तो भडकतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तेच विचारावं.

'मी त्याला समजावतो' म्हणणारे तर विचारूच नका. तो चारचौघांत मान खाली घालून ऐकतो. हिशेब रात्री होतो. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणाऱ्यांनी एकदा तिचे हात बघावेत, कुठे लपवलेत ते.

एका बाबतीत मात्र मी आजही गप्प बसत नाही. बायका जाता जाता सांगतात, "गळा एकदाच धरला होता." अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा आवळलेल्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक दिसली. गळ्यावर खूण पुष्कळदा नसतेच. आवाज बसतो, गिळताना दुखतं. हे मी तिला सरळ सांगते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगते. निर्णय तरीही तिचाच.

पुरुष येतात का, हेही विचारतात. आमचा गट बायकांचा आहे. पण घरात छळ सोसणारे पुरुष असतात, पोटच्या मुलांचा मार खाणारे म्हातारे आईबाप असतात. 'लोक हसतील' ही भीती पुरुषाचं तोंड जास्तच घट्ट शिवते. त्यांनाही अशा खुर्च्या हव्यात, आणि त्या फार कमी ठिकाणी आहेत.

आठ महिन्यांनी ती परत आली. "कुठे होतीस?" असं कुणी विचारलं नाही. मी विचारणार होते, शेजारणीने माझा हात दाबला. कुणीतरी दाराजवळची खुर्ची सरकवली. थोड्या वेळाने मांडीवरचा फोन थरथरला, ती उठून फळ्यापाशी गेली आणि तिथेच थबकली. तारीख त्याच दिवसाची होती. समोरच्या खुर्चीतली बाई ती दर आठवड्याला बदलत आली होती.