पेटी उचलण्याआधी

माझी पेटी साडेनऊ किलोची आहे. पंचवीस वर्षं वाजवतेय, पण वजन करायची वेळ गेल्या वर्षी आली. पुण्यातल्या फिजिओथेरपिस्टनं विचारलं होतं, "काकू, नक्की काय उचलताना होतं?" मी म्हटलं, "पेटी." "किती किलोची?" मला काय माहीत! घरी आल्यावर रद्दीवाल्याच्या काट्याला लावली. रद्दीवाल्याला वाटलं विकायला काढली.

तर "होतं" म्हणजे लघवी होते. लिहून टाकलं एकदाचं.

मी सांगलीत गाणं शिकवते. गांधर्वच्या परीक्षांना मुलं बसवते, प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत. दोन वर्षांपूर्वीच्या गुरुपौर्णिमेला अडीच तास साथीला बसले, भैरवी झाली, टाळ्या झाल्या, आणि स्टेजवरून पेटी हलवायला म्हणून वाकून उचलली, तर पायांवरून गरम ओघळ. साडी गडद जांभळी होती म्हणून वाचले. सभागृह रिकामं होईपर्यंत पेटी पुढ्यात धरून उभी राहिले. एक पालक फोटो काढायला आल्या. तो फोटो आहे माझ्याकडे, मी त्यात हसतेय.

त्याआधीही थेंबथेंब व्हायचंच. शिंकेला, खोकल्याला. आमच्या घरात बायकांचं हे असंच असतं असं गृहीत होतं. आई खोकला आला की पाय आवळून उभी राहायची, आजी तर म्हणायचीच, "बाळंतपणाचं देणं असतं ते." मग मी माझी व्यवस्था लावली. गडद साड्या. पर्समध्ये पॅड. क्लासच्या दिवशी दुपारनंतर पाणी नाही. प्रत्येक बॅचच्या आधी, लागलेली असो नसो, एकदा जाऊन येणं. आणि गुरुपौर्णिमेनंतर कार्यक्रम घेणंच बंद. नवऱ्याला वाटलं, माझं गाण्यातून मन उडालं. त्यांना मी काही बोलले नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बरंच बोललोय आम्ही, हे सोडून.

शेवटी गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले. तपासणी पाच मिनिटं. "पिशवी खाली सरकलीय. पाळी गेलीच आहे ना? मग काढून टाकू, नाहीतरी आता तिचा उपयोग काय?" तारीखही सुचवली, दिवाळीनंतरची. मला त्या वाक्याचा राग यायला आठवडा लागला. त्या दिवशी मात्र हायसं वाटलं होतं, की चला, काहीतरी काढलं की संपेल.

थांबवलं माझ्या भाचीनं. ती फिजिओथेरपी शिकतेय. फोनवर म्हणाली, "मावशी, पिशवी काढून लघवीचं दुखणं आपोआप थांबत नाही गं. आधी गळतंय कशानं ते बघायला नको का?" तिनंच पुण्यातल्या एका रुग्णालयाचा पत्ता दिला. तिथं बुधवारी याच तक्रारींची ओपीडी असते. म्हणाली, येताना तीन दिवसांची डायरी घेऊन ये.

डायरी म्हणजे: किती वाजता काय प्यायले, किती प्यायले, किती वाजता लघवीला गेले, किती झाली, आणि कधी गळली. "किती झाली" हे मापानं. मी स्वयंपाकघरातला पाचशे मिलीचा प्लॅस्टिकचा मापाचा पेला बाथरूममध्ये नेला (आता तो तिथलाच झालाय). तीन दिवसांनी कागद बघितला तर दिवसाला चौदा-पंधरा वेळा, आणि दर वेळी जेमतेम शंभर मिली. चहा पाच कप. पाणी सगळं मिळून पाऊण लिटर. परीक्षेच्या वहीत मुलांनी लिहिलेले स्वर तपासावेत तसं मी ते तपासत बसले, आणि चूक कुठं आहे ते मलाच दिसायला लागलं.

पुण्याला रेल्वेनं गेले. एसटी जवळ पडते, पण गाडीत संडास असतो. हा हिशेब ज्या बायका करतात त्यांना वेगळं सांगायला नको.

बाहेर बाकावर आटपाडीकडच्या एक आजी होत्या. वीसेक वर्षांपासून अंग बाहेर येतंय म्हणून आल्या होत्या. कापडाची घडी लावून शेतात काम केलं म्हणाल्या. "कुणाला सांगायचं? म्हाताऱ्याला?" आणि हसल्या. भाचीनं मला गाडीतच गडचिरोलीचा अभ्यास सांगितला होता. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के. गाडीत ते आकडे होते. बाकावर माझ्या शेजारी आजी होत्या.

आत गेल्यावर एका मागोमाग चौघं भेटली. मूत्ररोग आणि स्त्रीरोग दोन्ही बघणाऱ्या डॉक्टर, गुदरोगाचे सर्जन, एक फिजिशियन आणि फिजिओथेरपिस्ट, जी माझ्या मुलीच्या वयाची. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पिशवी फारशी सरकलेली नाहीच. मूत्राशयाची भिंत पुढून खाली आलीय, दुसऱ्या पायरीची. पहिलं बाळंतपण चिमटा लावून झालं होतं, मुलगा पावणेचार किलोचा, ते त्यांनी खोदून विचारलं. पाळी गेल्यावर तिथली त्वचाही पातळ होते, त्यासाठी इस्ट्रोजेनचं मलम दिलं. सोनोग्राफीत लघवी करून झाल्यावर मागे किती उरते तेही पाहिलं. उरत नव्हती.

फिजिशियननी माझ्या लघवीबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, "खोकताय कधीपासून?" दहा महिने. कोरडा, टोचणारा. घशाच्या डॉक्टरांनी घसा साफ आहे म्हणून सांगितलं होतं. मी उदबत्ती बंद केली होती, गाळप हंगामातल्या धुराला शिव्या घातल्या होत्या, आलापाच्या मधोमध खोकले होते आणि दर खोकल्याला भिजले होते. "बीपीची गोळी कुठली?" रामिप्रिल. "कधी सुरू झाली?" अकरा महिने. त्यांनी पेन खाली ठेवलं. या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असाच कोरडा खोकला लागतो म्हणे. गोळी बदलली, आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. मी माझ्या गळ्यासाठी एवढे काढे प्यायले त्याचं काय करू आता?

सर्जनच्या खोलीत मात्र मी रडले. त्यांनी नाही रडवलं, त्यांच्याबरोबर बसलेल्या फिजिओनं सरळ विचारलं, "शौचाला बसल्यावर कधी पुढून बोटानं दाबून आधार द्यावा लागतो का?" मी सात वर्षं हे करतेय. ही गोष्ट जगात मला एकटीलाच माहीत होती असं मी समजत होते, आणि ही पंचविशीची मुलगी तिच्या छापील फॉर्मवरचा प्रश्न वाचत होती! म्हणजे इतक्या बायका हे करतात की त्याला फॉर्मवर ओळ आहे.

तिनं प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा काढून दाखवला. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी ताणलेली असते. लघवीची, योनीची आणि शौचाची वाट, तिन्ही त्याच झोळीतून जातात. त्यातला एक पट्टा गुदाशयाला मागून वेढा घालून पुढं ओढून धरतो, म्हणून शौच थांबतं. उकिडवं बसलं की तो सैल पडतो. आम्ही नवीन घरात हौसेनं कमोड बसवला आणि माझं कुंथणं सुरू झालं, ते साल माझ्या लक्षात आहे. आता कमोडपुढं आईचा जेवायचा पाट पायाखाली असतो. आई बघती तर तिनं पाट धुऊन पुन्हा वर ठेवला असता.

मग तपासणी. विचारून, पडदा लावून, एक बोट. "आता आत आणि वर उचला." मी उचललं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही खाली ढकलताय."

मी चार महिने यूट्यूब बघून दिवसाला शंभर वेळा तो केगेल की काय तो व्यायाम करत होते, श्वास रोखून, दात आवळून. म्हणजे चार महिने रोज शंभर वेळा स्वतःचं मूत्राशय खाली ढकललं. केगेल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, १९४८ मध्ये त्यांनी हे व्यायाम मांडले, आणि तेव्हाच दाब मोजायचं यंत्रही बनवलं होतं, असं तिनं सांगितलं. पुढं व्यायाम सगळीकडे पोचला, मोजणं मागे राहिलं. ज्यांच्याकडे ते शिकतोय त्यांनी कान लावलाच पाहिजे, हे मी तरी ओळखायला हवं होतं. गाणं कधी व्हिडिओवरून शिकवलंय का मी?

पकडीला पाचपैकी दोन मार्क मिळाले. सोडण्याला मार्क नसतात, असते तर शून्य पडलं असतं. माझी झोळी कमजोर होती आणि आवळलेलीही. दिवसभर पोट आत ओढून बसायची सवय, मुलांनाही तेच सांगते. ती म्हणाली, श्वास घेताना छाती-पोटामधला पडदा खाली येतो तशी ही झोळीही जराशी खाली येऊ द्या, सोडताना वर. "नाभीतून श्वास घ्या" हे मी इतकी वर्षं शिकवतेय, नाभीच्या खाली काय चाललंय ते विचारलं नव्हतं कधी.

व्यायाम असा: गॅस अडवताना ओढतो तसं मागून आत ओढायचं, तेच पुढं आणायचं, आठ सेकंद धरायचं, आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. बोलता आलं पाहिजे, म्हणजे श्वास अडकलेला नाही. सेकंद मोजायला मला जमेना. मग तबल्याच्या ॲपवर साठच्या लयीत तीनताल लावला. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला धरायचं, खालीला, म्हणजे नवव्या मात्रेला सोडायचं. आठ मात्रा, आठ मात्रा. खालीला तबला डग्गा काढून घेतो, तसं सगळं काढून घ्यायचं. पहिले दोन आठवडे पाचव्या मात्रेच्या टाळीलाच माझा धीर सुटायचा. आणि सोडणं तर त्याहून अवघड. नवव्या मात्रेवर सोडलं म्हणायचे आणि बाराव्या मात्रेला लक्षात यायचं की अजून अर्धं धरून ठेवलंय.

लघवीचं वेगळं गणित. लागली की पळायचं नाही. बसायचं, चार-पाच झटपट आवळण्या द्यायच्या, कळ ओसरली की मग चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. पाणी वाढवायचं, चहा दोनवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूत्राशयाचे फार लाड केलेत तुम्ही." हे बरंच सुधारलं. फक्त दाराच्या कुलपात किल्ली घातली की अजून घात होतो. का ते समजत नाही, किल्लीचा आवाज ऐकूनच ते जागं होतं.

त्या दिवशी शेवटी चौघं एका खोलीत बसली, दार अर्धवट उघडं. सर्जनना वाटत होतं मागची, शौचाच्या वाटेकडची भिंत शिवावी लागेल, फिजिओ म्हणत होती तीन महिने द्या, डॉक्टरीणबाई पेसरीचं बोलत होत्या. माझ्या तळमजल्यावरून चार शिकलेली माणसं भांडत होती. मला फार बरं वाटलं. ठरलं ते असं, की आधी व्यायाम, पोट साफ, पेसरी, आणि ऑपरेशनचं नंतर बघू, ते काही पळून जात नाही. आटपाडीच्या आजींचं मात्र ऑपरेशनच ठरलं. त्यांच्यापुढं तीनताल ठेवून उपयोग नव्हता.

पेसरी म्हणजे सिलिकॉनची कडी, आत बसवून भिंतीला आधार देणारी. पहिल्या मापाची रुग्णालयाच्या संडासातच निसटून पडली. दुसरी बसली. लांबच्या प्रवासाला आणि कार्यक्रमाला घालते, काढायला-घालायला मला शिकवलंय.

सगळं सरळ चढत गेलं नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत काही फरक नाही. परीक्षांच्या दिवसांत दहा दिवस बुडाले, तेव्हा भाचीला खोटं सांगितलं. तीन महिन्यांनी पकड साडेतीनवर, बोटाचा आधार गेला, गळणं रोजचं होतं ते आठवड्यात एखाददुसऱ्या वेळेवर आलं. मूत्राशय आहे तिथंच आहे, दुसऱ्या पायरीवर.

नवऱ्याला सांगितलं ते पेसरी आली तेव्हा, डबी बेसिनवर दिसली म्हणून. ते ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणून तू कोल्हापूरच्या लग्नाला मागच्या सीटवर बसली नाहीस." त्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

या गुरुपौर्णिमेला कार्यक्रम घेतला. भैरवी झाली, पडदा पडला, हे पेटी उचलायला पुढं आले. म्हटलं, राहू द्या. उचलायच्या, शिंकायच्या, खोकायच्या क्षणाआधी पकड घ्यायची, हे फिजिओनं शेवटच्या भेटीत घोटून घेतलं होतं. ते मला चटकन कळलं होतं, कारण समेवर यायचं तर मुखडा आधी उचलावा लागतो. गुडघे वाकवले, पेटी अंगाजवळ ओढली, श्वास सोडत आत आणि वर धरलं, आणि उचलली. विंगेतल्या टेबलावर ठेवली.

मग खाली आले, आणि सोडलं. सगळं सोडलं, बाराव्या मात्रेला तपासूनसुद्धा पाहिलं. साडी फिकट पिवळी होती.