अहिल्या शिळी झाली

आठवीच्या सहामाहीत मी लिहिलं होतं, 'गौतम ऋषींच्या शापाने अहिल्या शिळी झाली.' पेपर वाटताना बाईंनी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरून कुणीतरी 'फोडणीची अहिल्या!' म्हणालं आणि वर्ग फुटला.

बाई हसल्या नाहीत. खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. दगड ती शिळा, संस्कृत 'शिला'. डब्यातली शिळी पोळी मात्र 'शीतल'वरून आलेली. गार झाली म्हणून शिळी. "नावं सारखी, घराणी वेगळी," म्हणाल्या. वर हेही सांगितलं, की वाल्मीकींची अहिल्या मुळी दगड होतच नाही; ती वारा खाऊन, राखेत पडून, कुणाला न दिसता राहते. शिळा नंतरच्या कथांत आली. त्र्यंबकला अहिल्या-गोदावरी संगम पाहिलेल्या आम्हा पोरांना हे नवंच होतं.

मग फळ्यावर मोठा शब्द आला : अश्मीभूत. अश्मन् म्हणजे दगड. त्यातला 'न' गळला, 'अ'चा 'ई' झाला, पुढे 'भूत'. पाणिनीच्या व्याकरणात याला च्वि प्रत्यय म्हणतात. जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं, एवढं सगळं त्या एका 'ई'त. भस्मीभूत, घनीभूत, एकीकरण, सगळीकडे तोच.

पुढे मी रस्त्यांच्या कामात पडलो. दिवसभर रुंदीकरण, डांबरीकरण, काँक्रिटीकरण लिहितो आणि दर वेळी तो 'ई' डोळ्यांत भरतो. डांबरीकरण म्हणजे जे डांबर नव्हतं ते डांबर करणं. पहिल्या पावसात ते पुन्हा खडीभूत होतं, तो भाग वेगळा.

इंग्रजी 'पेट्रिफाय'ही बाईंनी त्याच तासाला सोडवला. ग्रीक 'पेट्रा' म्हणजे खडक, त्याला लॅटिनमधलं 'करणे' जोडलेलं. पेट्रोलियमही त्यातलंच, खडकातलं तेल. त्यांचा शब्द दगड 'करतो', आपला दगड 'होतो'. घाबरलेला इंग्रज दगड बनतो. आपण तुपासारखे थिजतो. हे मला अजून आवडतं, कारण थिजलेलं तूप निदान उन्हात पातळ तरी होतं.

गोष्टीतलं सोडा, खरंच दगड झालेलं काही असतं का, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी निफाडकडे बोट केलं. नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या जुन्या गाळात हत्तीचे जीवाश्म मिळाले. पिलग्रिम नावाच्या भूवैज्ञानिकानं त्यावर १९०५ मध्ये लिहिलंय. गाळात पुरलेल्या हाडात पाणी झिरपतं, त्या पाण्यातली खनिजं हाडाच्या बारीक छिद्रांत साचत जातात. आकार हाडाचाच राहतो, वजन दगडाचं होतं. बाईंनी टेबलावरचा खडू उचलून हातात तोलून दाखवला, जणू तोच जड होत चाललाय.

मी उठलो. सकाळच्या फजितीचं उट्टं काढायचं होतं. "बाई, रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणतात. नदी तीच, मग हत्तीची हाडं का नाही विरघळली?"

"त्याचं दहावं कुणी केलं नाही ना रे," बाई म्हणाल्या.

या वेळी त्याही हसल्या. शिळ्या अहिल्येचा कापलेला अर्धा मार्क मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही.