सीडर हिल्स भरल्यावर कचरा कुठे?

मागच्या शनिवारी जुना सोफा टाकायला सिएटलजवळच्या फॅक्टोरियाच्या ट्रान्सफर स्टेशनला (कचरा गोळा करून पुढे डेपोला पाठवतात ती जागा) गेलो होतो. फुकट न्या फुकट न्या म्हणून महिनाभर फोटो टाकून झाले, लोक "इंटरेस्टेड" लिहायचे आणि गायब व्हायचे, शेवटी नवऱ्याच्या मित्राचा पिकअप मागून आणला. ज्यांनी ही जागा बघितली नाहीये त्यांच्यासाठी सांगते, आत शिरताना गाडी वजनकाट्यावर, बाहेर पडताना परत काट्यावर, जेवढा फरक तेवढे पैसे, म्हणजे आपल्याकडे वाळूच्या ट्रकचं करतात अगदी तसं. आत मोठी शेड, तिथे आपला सोफा आपणच ढकलायचा, आणि मग एक लोडर येतो आणि ज्या सोफ्यावर तुमचं पोरगं बसायला शिकलं त्याला पाच सेकंदात ढिगात लोटून देतो.

मित्र राहतो मेपल व्हॅलीला. तो शांतपणे म्हणाला, "हा आता माझ्याच घराकडे निघालाय. ट्रॅफिक असेल तर माझ्या आधी पोचेल."

मी हसले, पण खरंच आहे ते. सिएटल शहर सोडलं तर आमच्या, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीतला जवळपास सगळा कचरा, म्हणजे आपले बेल्व्ह्यू, रेडमंड, समामिश, इसाक्वा, कर्कलंड, रेंटन, केंट वगैरे धरून ३७ शहरं आणि शिवाय शहरांच्या हद्दीबाहेरची वस्ती, सगळं त्या मेपल व्हॅलीजवळच्या सीडर हिल्स लँडफिलवर जातं. ९२० एकर, १९६५ पासून चालू, आणि काउंटीत अजून चालू असलेला हा शेवटचा कचरा डेपो. वर्षाला साधारण ८ लाख टनांच्या घरात कचरा. मी इथे बारा वर्षं राहते, दर बुधवारी डबे बाहेर काढते, आणि हे नाव मला त्या दिवसापर्यंत धड माहीत नव्हतं. हडपसरला वाढलेल्या बाईने हे म्हणणं म्हणजे लाज आहे खरं तर, कारण फुरसुंगीचा डेपो आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत होता. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की दोन दिवसांत पुण्यातले कोपरे तुंबायचे आणि मग सगळ्यांना आठवायचं की अरे हो, कचरा कुठेतरी जातो. इथे कोणी गाड्या अडवत नाही म्हणून आठवतच नाही.

मग घरी येऊन वाचायला बसले आणि तीन रात्री त्यातच गेल्या (नवरा म्हणाला सोफा परत आणू का).

तर गोष्ट अशी आहे. काउंटीने २०१९ मध्ये एक मोठा प्लॅन मंजूर केला, त्यात सीडर हिल्स अजून वाढवायचं ठरलं, नवीन भाग तयार करायचे, उंची वाढवायची, आणि अंदाजे २०४० पर्यंत ढकलायचं. शहरांबरोबरचे करारसुद्धा २०४० पर्यंतच आहेत. आणि त्यानंतर काय? त्यानंतरचं त्या प्लॅनने मुद्दामच मोकळं सोडलं, की तोपर्यंत तंत्रज्ञान कुठे जाईल कोणास ठाऊक, आत्ता कशाला हात बांधून घ्या. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण थोडं पुढे वाचलं की कळतं की कुठलाही पर्याय घ्या, जागा शोधायची, पर्यावरणाचे अभ्यास, परवाने, कोर्टकज्जे, बांधकाम, हे सगळं धरून दहा वर्षं कुठेच गेली नाहीत. म्हणजे २०४० चा निर्णय खरा आत्ताच्या दोन चार वर्षांतच घ्यायचाय. नाहीतर तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येणार, आणि तेव्हा जो पर्याय सगळ्यात लवकर चालू होतो तोच घ्यावा लागणार, बरा असो वाईट असो.

आणि लवकर चालू होणारा पर्याय एकच आहे, ट्रेन.

सिएटल शहराचं हेच चाललंय १९९१ पासून. मैलभर लांबीची कचऱ्याची मालगाडी, कॅस्केड्सच्या डोंगरांपलीकडे ओरेगॉनमधल्या अर्लिंग्टनजवळच्या कोलंबिया रिज लँडफिलला जाते. म्हणजे सिएटलमधल्या कॅपिटल हिलवरच्या ब्रंचमधलं उरलेलं अॅव्होकाडो टोस्ट तीनशेवर मैल प्रवास करून वाळवंटासारख्या माळावर जातं. यामागे जुनी गोष्ट आहे आणि ती वाचून मला पुणंच आठवलं. सिएटलचे दोन डेपो होते, मिडवे आणि केंट हायलंड्स, दोन्ही शहराच्या हद्दीबाहेर केंटमध्ये (साहजिक आहे, स्वतःच्या अंगणात कोण करतं). दोन्ही ऐंशीच्या दशकात बंद झाले आणि मिडवे बंद झाल्यावर जमिनीतून मिथेन सरकत सरकत आजूबाजूच्या घरांमध्ये निघाला, १९८५ ची गोष्ट, लोकांना घरं सोडायला लागली. दोन्ही जागा नंतर सुपरफंडच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सगळ्यात दूषित जागांच्या यादीत गेल्या. मग शहराने भट्टी लावून कचरा जाळायचा विचार केला, त्यावर खूप वाद झाले, १९८८ मध्ये तो सोडून दिला आणि त्याऐवजी ६० टक्के रिसायकल करू म्हणून लक्ष्य ठेवलं आणि उरलेल्यासाठी ट्रेन. आज आपण जे तीन डबे (कचरा, रिसायकल, यार्ड वेस्ट) गृहीत धरतो ना, ते या भांडणातून आलेत.

ट्रेनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. कॅस्केड्सच्या पलीकडे पाऊस नगण्य, आणि लँडफिलचा खरा शत्रू पाणीच. कचऱ्यातून पाणी झिरपलं की काळं विषारी पाणी तयार होतं, ते गोळा करून, पाइपने नेऊन, शुद्ध करावं लागतं. सीडर हिल्सचं असं पाणी रेंटनच्या सांडपाणी प्लांटला जातं. इथे सिएटलकडे ऑक्टोबर ते मे आभाळ गळतं, तिकडे कोरडं. शिवाय तिथे जागा भरपूर, आणि कोलंबिया रिज ज्या गिलियम काउंटीत आहे तिथे माणसं जेमतेम दोन हजार, लँडफिलच्या पैशावर त्या काउंटीचं बरंच चालतं, त्यामुळे ते बिचारे गाड्या अडवत नाहीत, उलट या म्हणतात. स्नोहोमिश काउंटीचा कचराही असाच जातो, फक्त वॉशिंग्टनमध्येच रूझवेल्टला, कोलंबिया नदीच्या अलीकडे.

मग प्रॉब्लेम काय? एक तर एकदा स्वतःचं लँडफिल बंद केलं की तुम्ही कायमचे गिऱ्हाईक. भाव ते ठरवणार. रूळ दुसऱ्याचे, डबे दुसऱ्याचे, खड्डा दुसऱ्याचा. दरड कोसळली किंवा बर्फाने रूळ बंद पडले तर पंधरा लाख लोकांचा कचरा कुठे ठेवायचा, ट्रान्सफर स्टेशनं काही गोदामं नाहीत. आणि दुसरं म्हणजे, हे माझं वैयक्तिक, मला ट्रेनची भीती वाटते ती ती फार सोयीची आहे म्हणून. बारा वर्षं मला वीस मैलांवरचा डेपो दिसला नाही, तीनशे मैलांवरचा काय दिसणार.

तिसरा पर्याय, जाळणे. खरं सांगू, मी तीन रात्री आधी जाळण्याच्या पार्टीत होते. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी कोणीतरी कोपनहेगनच्या त्या प्लांटचा व्हिडिओ टाकतं ज्याच्या छपरावर लोक स्कीइंग करतात, खाली "आपण का नाही" आणि तीन हात जोडलेले इमोजी. मलाही वाटायचं की सिंगापूर करतं, जपान करतं, आपण काय अजून खड्डे खणतोय.

पण हिशेब बघितला की उत्साह जरा उतरतो. काउंटीने तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा सीडर हिल्स वाढवणं सगळ्यात स्वस्त, मग ट्रेन, आणि जाळणं सगळ्यात महाग, तेही थोडंथोडकं नाही. जाळल्यावर राख उरतेच, वजनाने पाव भागाच्या आसपास, ती परत कुठल्या तरी लँडफिललाच न्यायची, म्हणजे खड्ड्यातून सुटका नाहीच. राज्यात शहराचा कचरा जाळून वीज करणारा प्लांट एकच आहे, स्पोकेनला, १९९१ पासून चालू. आणि आता राज्याच्या २०२१ च्या क्लायमेट कायद्यात तो २०२७ पासून येतोय, म्हणजे धुरातल्या कार्बनचे पैसे मोजा, त्यामुळे तेच चिंतेत आहेत. शेजारी ओरेगॉनमध्ये मॅरियन काउंटीत एक होता, त्याने २०२४ च्या शेवटी घरचा कचरा घेणं बंद केलं. म्हणजे जग बांधतंय म्हणतात पण आपल्या कोपऱ्यात तरी उलटच चाललंय.

पण माझं मत बदललं ते पैशामुळे नाही. भट्टी ही म्हैस आहे. एकदा आणली की रोज चारा घालावा लागतो, दूध काढा नाहीतर नका काढू. कर्ज फेडायला वीस तीस वर्षं दिवसरात्र कचरा हवा. आता बघा, काउंटीच म्हणते की सीडर हिल्सला जे पुरलं जातं त्यातलं ७० टक्के रिसायकल किंवा कंपोस्ट होऊ शकलं असतं, आणि त्यात सगळ्यात जास्त काय तर अन्न. काउंटीचा रिप्लस म्हणून कार्यक्रम आहे, २०३० पर्यंत उपयोगी वस्तू पुरणं थांबवायचं असं लक्ष्य. राज्याचा २०२२ चा कायदा म्हणतो २०३० पर्यंत ओला कचरा लँडफिलला जाणं ७५ टक्के कमी करा. २०२५ मध्ये पॅकेजिंगचा कायदा झाला, त्याप्रमाणे रिसायकलिंगचा खर्च पुढे टप्प्याटप्प्याने पॅकेजिंग वापरणाऱ्या कंपन्यांवर येणार. हे सगळं अर्धं जरी जमलं तरी २०४० ला कचरा किती असेल? मग भट्टी बांधायची कुठल्या आकड्यावर? मोठी बांधली आणि कचरा घटला तर दुसऱ्या काउंट्यांचा कचरा विकत आणून घालणार का? आणि लहान बांधली आणि हे सगळे कायदे कागदावरच राहिले तर? बरं, ओला कचरा बाजूला गेला तर जळायला उरतं प्लास्टिक, म्हणजे नेमका तोच कार्बन ज्याचे पैसे मोजायचेत.

इथे मला कबूल करायला पाहिजे की आमच्या घरी ओला कचरा यार्ड वेस्टच्या डब्यात जायला लागला दोन वर्षांपूर्वी. त्याआधी दहा वर्षं मी भाजीचे देठ, केळीची सालं, शिळा भात सगळं काळ्या पिशवीत बांधून टाकत होते कारण मला वाटायचं यार्ड वेस्ट म्हणजे फक्त गवत. पुण्याला आई ओला सुका वेगळा करते, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारात येऊन नेतात, वेगळा नसेल तर तोंडावर सांगतात. इथे डबा तोंड उघडत नाही. आणि रिसायकलच्या डब्यात मी काय काय टाकलंय ते लिहित नाही, दह्याचे न धुतलेले डबे हा त्यातला सभ्य प्रकार. २०१८ मध्ये चीनने असला मळका माल घेणं बंद केलं तेव्हा इथे गठ्ठे पडून राहिले होते, त्यात दोन चार किलो माझे असणारच.

आता सीडर हिल्सच्या शेजाऱ्यांची बाजू. माझ्यासारख्या वीस मैलांवरच्या बाईने "आपला कचरा आपल्याच काउंटीत" म्हणणं फार सोपं आहे. तिथले लोक वर्षानुवर्षं वास, ट्रक, पाणी यावर भांडतायत, आणि गरुडांवर. हो, गरुड! बॉल्ड ईगल, अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, तिथे मोठ्या संख्येने जमतो कारण फुकटचं जेवण, आणि खाऊन झालं की उरलेलं शेजारच्या अंगणात टाकतो. एका माणसाने काउंटी कौन्सिलला सांगितलं की त्याच्या अंगणात गरुडाने माणसाच्या रक्ताने भरलेली डबी टाकली. गरुड संरक्षित, त्याला हात लावता येत नाही. या लोकांना प्रत्येक वेळी "अजून थोडी वर्षं" म्हणून सांगितलं जातं आणि प्रत्येक वेळी तारीख पुढे जाते. फुरसुंगीवाल्यांना हे वाक्य पाठ आहे.

एक गोष्ट मात्र सीडर हिल्सच्या बाजूने. तिथला गॅस गोळा करून, शुद्ध करून नैसर्गिक वायूच्या पाइपलाइनमध्ये सोडतात. सगळा सापडत नाही, मिथेन निसटतोच, पण निदान हिशेब आपल्या डोळ्यासमोर असतो.

तर माझं काय मत? सीडर हिल्स २०४० ला बंद व्हायलाच हवं, परत उंची वाढवायची नाही, हे आत्ताच लिहून द्यावं, त्या शेजाऱ्यांना खरी तारीख मिळावी. भट्टी नको. ट्रेन घ्यावीच लागेल असं दिसतंय, मला आवडत नसली तरी, कारण उद्या कचरा निम्मा झाला तर निम्मे डबे पाठवता येतात, म्हशीसारखं नाही. पण करार छोटा करा, दहा वर्षांचा, आणि "वर्षाला इतके टन द्यायचेच" असली अट घालू नका. अशी अट आली की ट्रेनचीही म्हैस होते. आणि जो पैसा भट्टीत घालणार होता तो ओल्या कचऱ्यात घाला, मुख्य म्हणजे अपार्टमेंटवाल्यांसाठी, तिथे अजून कित्येक ठिकाणी तिसरा डबाच नसतो. आमचे अर्धे नवीन आलेले मराठी लोक अपार्टमेंटमध्ये राहतात आणि त्यांची कोथिंबिरीची देठं सरळ मेपल व्हॅलीला जातात.

काउंटीच्या सल्लागार समितीच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात, ऑनलाइनही बसता येतं, मी पुढच्या वेळी बसणार आहे. नवरा अजून भट्टीच्याच पार्टीत आहे, त्याचं म्हणणं की दहा वर्षांत फिल्टर इतके सुधारतील की हा वादच उरणार नाही. म्हणून एक विनंती, स्पोकेनला एअरपोर्टच्या बाजूला कोणी मराठी राहत असेल तर खाली लिहा ना, त्या प्लांटचा वास येतो का, धूर दिसतो का, घरांच्या किमतीचं काय. आमच्याकडे पैज लागली आहे आणि जो हरेल तो पुढचे सहा महिने डबे बाहेर काढणार आहे.