कोल्हापूर ते परळ: जाताना अटल सेतू, येताना वाशी

मावशीला तपासणीला परळला न्यायचं होतं. पहाटे पाचला तावडे हॉटेलपासून हायवेला लागलो. किणीला फास्टॅगचे पैसे कटल्याचा मेसेज वाजला तशी मावशी म्हणाली, "अजून टोल भरतोयस व्हय रं? आपण घालवला न्हवं?" शहरातल्या टोलविरोधात एन. डी. पाटील सरांच्या मागनं ती मोर्चात चालली होती. २०१५ च्या डिसेंबरात तो टोल रद्द झाल्याचा आनंद तिला अजून आहे.

हायवेचा मात्र आहेच. पुण्यापर्यंत किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार नाके. वर्षाला पाच-सहा फेऱ्या होत असतील तर हिशेब करून फास्टॅगचा वार्षिक पास घ्या, २०२५ मध्ये तो ३,००० ला होता. नाका ओलांडला की एक फेरी धरतात, अशा २०० मिळतात. पण हा पास एक्स्प्रेसवेवर आणि अटल सेतूवर चालत नाही. तिथले ३२० आणि २५० टॅगच्या शिलकीतूनच जातात, म्हणून पास असला तरी आदल्या रात्री रिचार्ज कराच. साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाचं काम चालू आहे. तासभर जादा धरा.

खरा प्रश्न पनवेलला येतो: वाशीनं जायचं की सेतूनं? १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशीला कारला टोल नाही. पण मावशीचा मणका दुखतो, एकची वेळ दिलेली. म्हणून पळस्प्याहून जेएनपीटी रस्त्याला वळलो आणि सेतू धरला. बावीसेक किलोमीटर, एक सिग्नल नाही. मावशीनं काच खाली केली आणि शिवडी येईपर्यंत पाण्याकडे बघत बसली. पुढं परळ जवळच. पुलावर फोटोसाठी गाडी थांबवू नका, मनाई आहे.

संध्याकाळी परतताना घाई नव्हती, म्हणून वाशीनं आलो. सायन ते वाशी दीड तास. मावशी पाठीमागची उशी सारखी इकडून तिकडं करत होती, बोलली काहीच नाही. सेतूचे येऊन-जाऊन ३७५ पडतात, म्हणजे मी वाचवले १२५ रुपये. ते मनाला फार लागलं.

ठाणे, मुलुंड, अंधेरीला जाणाऱ्यांनी सेतूच्या वाटेला जाऊ नये. वाशी किंवा ऐरोलीच बरी. परळ, दादर, फोर्टला पेशंट घेऊन जाणार असाल तर सेतूचे जाण्या-येण्याचे पैसे आधीच बाजूला काढा. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे, मी काढून ठेवलेत.