आज ठोके दिसले

आज दादरच्या सोनोग्राफी केंद्रात डॉक्टरांनी पडद्यावरचा लुकलुकणारा ठिपका दाखवून "ठोके व्यवस्थित आहेत" असे सांगितले, तेव्हा आनंदाच्या आधी मला भीतीच वाटली, कारण लागोपाठच्या गर्भपातांनी चांगल्या बातमीवर विश्वास ठेवण्याची सवयच मोडून टाकली आहे.

तपासण्यांत मला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असल्याचे निदान झाले. या विकारात शरीरातील प्रतिपिंडांमुळे रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि वारेचे कार्य बिघडू शकते. ही रक्ततपासणी किमान 12 आठवड्यांच्या अंतराने पुन्हा करून खात्री करावी लागते, आणि ते थांबणे मला रक्त गोठू न देणाऱ्या, पोटावर रोज घ्याव्या लागणाऱ्या हेपॅरिनच्या इंजेक्शनांपेक्षा जड गेले. सोबत कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिनही सुरू आहे. अर्थात हा उपचार माझ्या निदानापुरता आहे, कारण अनेकींच्या बाबतीत नेमके कारण सापडतही नाही.

पहिल्या तिमाहीतील सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतात, हे "जड काही उचललेस का?" असे विचारणाऱ्या नातेवाईक मंडळींना कोणीतरी सांगायला हवे.

तिसरा महिना सरेपर्यंत वाच्यता करू नये, असे सासूबाईंचे मत आहे. त्यांना सांगूनच मी हे लिहीत आहे, कारण गुप्ततेमुळे मागच्या वेळी रजा मागतानाही मी खोटे कारण दिले होते, खरे तर कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. पुढची सोनोग्राफी पंधरवड्याने आहे.